‘पेपर लिहून स्टे भेटते का?’

आदरणीय मॅडम,

मी २९ वर्षांची. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणि अधूनमधून हायकोर्टात एका सीनियरांकडे पाच वर्षं ज्युनिअर म्हणून काम करते आहे. एलएलएम झालं, यंदा पीएचडीला प्रवेश मिळाला. गाईड म्हणतात, ‘न्यायालयीन सक्रियता : भारत, अमेरिका व इंग्लंड, एक तुलनात्मक अभ्यास’ हा विषय घ्या, मटेरियल भरपूर मिळतं. मला मात्र आमच्या ऑफिसातल्या, ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनींच्या फाइलींनी झपाटलंय. त्यावर गाईड म्हणतात, तो महसूलचा विषय आहे, कायद्याचा नाही. आमचे सीनियर तर हसतातच. ‘पेपर लिहून स्टे भेटते का?’ असं सगळ्या बाररूमसमोर म्हणाले. माझ्या मैत्रिणीने पैसे भरून दोन शोधनिबंध छापले. ते वाचलेला एकही माणूस तिला आजवर भेटलेला नाही. मॅडम, कायद्याचं हे अभ्यासकी लिखाण नक्की कशासाठी असतं? आणि त्यासाठी मी वकिली सोडावी का?

– द्विधा, नागपूर

प्रिय द्विधा,

तुला अहो-जाहो करणं मला जमायचं नाही. तुझ्या वयाच्या पोरींना मी तीस वर्षं वर्गात उभं करून प्रश्न विचारलेत. त्याआधी सहा वर्षं मीही काळा कोट घालून याच शहरात पेश्या घेतल्या. त्यामुळे तुझ्या सीनियरांची भाषा मला कळते आणि गाईडचीही.

सीनियर बरोबर बोलले. पेपर लिहून स्टे मिळत नाही. मिळायला लागला तर आपल्या सगळ्यांचीच पंचाईत होईल. आणि ‘हे कोण वाचतं?’ हा टोमणा काही नागपूरच्या बाररूमचा शोध नाही. २०११ मध्ये अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी एका परिषदेत अशीच थट्टा केली होती. कुठलंही लॉ रिव्ह्यू, म्हणजे कायद्याचं संशोधन-नियतकालिक, उघडा, पहिलाच लेख अठराव्या शतकातल्या बल्गेरियातल्या पुराव्याच्या कायद्यावर कांट या तत्त्वज्ञाचा काय प्रभाव पडला, असल्या विषयावर निघतो, असा त्यांचा सूर होता. लिहिणाऱ्याला त्यात गोडी असेल, पण वकिलाला त्याचं करायचं काय?

आपल्याकडे बल्गेरियाची जागा ‘एक चिकित्सक अभ्यास’ने घेतली आहे. मी परीक्षक म्हणून जे प्रबंध तपासले, त्यांतल्या बहुतेकांची कुंडली एकच. पहिलं प्रकरण वेदकाळापासून. दुसऱ्यात अनुच्छेद १४, १९, २१. तिसऱ्यात निकालांचे लांबच लांब उतारे, तेही हेडनोटवरून, म्हणजे निकालाच्या डोक्यावर छापलेल्या टाचणावरून, उचललेले. शेवटी सूचना : कायद्याची कडक अंमलबजावणी व्हावी आणि जनजागृती करावी. जनजागृतीशिवाय संपलेला प्रबंध मला तीस वर्षांत क्वचितच दिसला. हे लिखाण कशासाठी असतं, याचं उत्तर सोपं आहे. ते बढतीच्या अर्जासाठी असतं. तुझ्या मैत्रिणीचे दोन पेपर कुणी वाचले नाहीत यात नवल नाही. ते वाचण्यासाठी छापलेलेच नव्हते.

आता तुझ्या सीनियरांच्या कपाटाकडे बघ. तिथे एआयआरचे, म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालसंग्रहाचे, खंड असतीलच. ते आपल्या नागपुरातूनच निघतात. चितळ्यांनी इथे बसून देशभरातले निकाल गोळा करायचे, त्यांची टाचणं काढायची, कलमवार लावायची, असा हा व्यवसाय उभा केला. त्यावर देशातल्या वकिलांच्या पिढ्या जगल्या. ते काम कमी दर्जाचं आहे असं म्हणणाऱ्याने एकदा स्वतः दहा निकालांच्या हेडनोट्स काढून पाहाव्यात. पण टाचण सांगतं, कोर्ट काय म्हणालं. कोर्ट म्हणालं ते बरोबर होतं का आणि जे म्हणालंच नाही ते काय, हे सांगणं टाचणाचं काम नाही. वकिलाचंही नाही. वकिलाला एका पक्षकाराची बाजू मांडायची असते. न्यायाधीशाचं तर मुळीच नाही. त्यांच्यासमोर जो वाद आला तेवढाच त्यांनी निवाडायचा. मग ते कुणाचं? तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या रिकाम्या खुर्चीत दिसतं.

ही खुर्ची भरली की काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याच भागातलं आहे. मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात रात्रीच्या वेळी एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. कायद्याच्या पुस्तकांत तो त्या मुलीच्या नावावरून मथुरा प्रकरण म्हणून आहे. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. भीतीपोटी निमूट सोसणं ही संमती नव्हे, असा त्या निकालाचा गाभा होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती.

प्रकरण संपलं. वकिलांच्या दृष्टीने फाइल बंद.

पुढे १६ सप्टेंबर १९७९ या तारखेचं एक पत्र सरन्यायाधीशांच्या नावे गेलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांचं. त्या पत्रात त्यांनी काय केलं ते बारकाईनं बघ, कारण तुला शिकायचं आहे ते त्यातच आहे. आरडाओरड त्यांनीही केली नाही. संमतीत मान तुकवणं येतं, पण मान तुकवली म्हणजे संमती दिली असं उलट होत नाही, हा साधा भेद त्यांनी निकालापुढे धरला. आणि दुसरी गोष्ट, जी मला वर्गात शिकवताना सगळ्यांत आवडायची. याच सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, या निकालाच्या काही महिने आधी, नंदिनी सत्पथी प्रकरणात बायकांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावण्यावर कडक ताशेरे ओढले होते. आणि इथे एका मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेतलं, त्याबद्दल अवाक्षर नाही. एकाच कोर्टाचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, बस. मथुरेच्या वकिलाला ते सुचलं नसतं असं नाही. पण निकाल लागल्यानंतर ते म्हणायला त्याला व्यासपीठ कुठलं?

त्या पत्रानेही स्टे मिळाला नाही. फेरविचार अर्ज फेटाळला गेला. पण १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, विधी आयोगाचा ८४वा अहवाल आला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आलं. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष अधिनियमाच्या १२०व्या कलमात आहे. हे सगळं चार जणांच्या पत्राने केलं असं मी म्हणणार नाही. चळवळीने केलं. पण चळवळीला काय मागायचं याचे शब्द त्या पत्राने दिले. अगदी अलीकडपर्यंत अध्यापकांच्या मूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये ते पत्र भरायला गेली असतीस तर ‘हे नियतकालिक यादीत नाही’ असा शेरा आला असता आणि गुण शून्य.

सीनियर यावर म्हणतील, हे झालं निकालावरचं भाष्य, तिथे निदान एक प्रकरण तरी होतं. ज्यात प्रकरणच नाही, अशा हवेतल्या विचारांचं काय? त्यांना डीटर कॉनराडची गोष्ट सांग. हे हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले जर्मन कायदेपंडित. फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारसच्या विद्यापीठात त्यांनी एक व्याख्यान दिलं. विषय : घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही अध्याहृत मर्यादा असतात का? त्यांनी विचारलेले प्रश्न त्या काळी कुणाही वकिलाला हसू आणतील असे होते. दुरुस्तीच्या वाटेने संसद उद्या राज्यघटनाच रद्द करून मोगल बादशहाचं किंवा इंग्लंडच्या राणीचं राज्य परत आणू शकेल का? १९६५ मध्ये हा प्रश्न कुठल्या कोर्टात पडला होता? कुठल्याच नाही. शुद्ध बल्गेरिया.

त्या व्याख्यानाचा मसुदा ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्या हाती लागला. त्यांनी तो मुद्दा घटनादुरुस्तीच्या मर्यादांवरच्या गोलकनाथ प्रकरणात मांडला. निकाल २७ फेब्रुवारी १९६७ चा, अकरा न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. त्या सहांत न्यायमूर्ती हिदायतुल्ला होते. आपल्या इथल्या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात त्यांनी काही वर्षं शिकवलेलं आहे, ही माहिती नागपूरकर म्हणून मी प्रत्येक बॅचला द्यायचेच. मग २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, आणि दुरुस्तीनेही मोडता येत नाही अशी राज्यघटनेची मूलभूत चौकट. न्यायमूर्ती खन्ना यांनी त्या निकालात कॉनराडचा नावानिशी आधार घेतला आहे. तर सीनियरांना सांग, की घटनेचा पायाच उखडायच्या दुरुस्तीला त्या दिवशी जो स्टे लागला, तो अजून उठलेला नाही.

पण ही गोष्ट ऐकून तू हुरळून जाऊ नकोस. कुणी न वाचलेला प्रत्येक लेख म्हणजे दबलेला कॉनराड नव्हे. त्याचा प्रश्न हवेतला दिसला तरी हवेतून आलेला नव्हता. त्याच्या देशाने वायमारची, म्हणजे हिटलरच्या आधीची, राज्यघटना डोळ्यांदेखत आतून पोखरली जाताना पाहिली होती. म्हणूनच युद्धानंतरच्या त्यांच्या घटनेत काही तत्त्वं दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर ठेवली आहेत. त्याने जे आपल्या घरी पाहिलं त्यावरून त्याला आपल्या घराची भिंत कुठे कच्ची आहे ते दिसलं. लेख उपयोगी पडेल की नाही हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. आपण जाणतो त्यातून प्रश्न काढणं मात्र हातात असतं.

आणि तू काय जाणतेस? अमेरिकेतली न्यायालयीन सक्रियता तू किती जवळून पाहिलीस, ते तुझं तूच ठरव. झुडपी जंगल मात्र तुझ्या टेबलावर आहे.

तो विषय कायद्याचा नाही, असं तुझे गाईड म्हणतात. मला वाटतं, विदर्भात याहून कायद्याचा विषय सापडणं कठीण. वाचकांतल्या ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली आहे. आता हा शब्द नीट ऐक. तो कुठल्या अधिनियमाच्या व्याख्येतून आलेला नाही. मुरमाड, पिकाला निकामी जमीन, वर काटेरी झुडपं, गावची गुरं तिथे चरायची. कुणी तरी जागेवर उभं राहून जे दिसलं ते लिहिलं. ते वर्णन होतं. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की जंगल म्हणजे शब्दकोशातलं जंगल, आणि शिवाय सरकारी दप्तरात जंगल म्हणून जे जे नोंदलं आहे तेही, मालकी कुणाची का असेना. त्या दिवशी ‘झुडपी’ हा शब्द हलका झाला आणि ‘जंगल’ हा शब्द भारी. २२ मे २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं : झुडपी जंगल हे जंगलच. १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी अपवादाची वाट ठेवली. गवईसाहेब याच बारमधून घडले, त्यांना कुणी झुडपी म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती. नागपुरात तर खुद्द हायकोर्टाची इमारत अशाच नोंदीच्या जमिनीवर आहे, असा उल्लेख त्या प्रकरणात आलाय. ज्या कोर्टात तू स्टे मागतेस, ते कागदोपत्री झुडपांत उभं आहे, बाई!

आता निकाल लागला, मग अभ्यासाला उरलं काय? उलट सगळं उरलं. न्यायालयाला ठरवायचं होतं, या जमिनीचं पुढे काय करायचं. त्याने ते ठरवलं. पण तो शब्द कोणत्या बंदोबस्तात, म्हणजे जमिनी मोजून सारा ठरवायच्या कोणत्या फेरीत, कुणी, कोणत्या रकान्यात लिहिला? त्याच्या शेजारी दुसरे कोणते शब्द होते, की ज्यांच्यापासून तो वेगळा काढला? त्या जमिनीवर गावाचे कोणते हक्क त्याच दप्तरात पुढच्या पानावर लिहिलेले होते? एका पटवाऱ्याने केलेलं वर्णन साठ-सत्तर वर्षांनी कायद्याचा वर्ग कसं झालं, आणि तसं होताना कुणाचं काय गेलं? हे विचारायला कुठल्याही कोर्टाकडे वेळ नसतो. वकिलाकडे तर पुढची पेशी असते.

गाईडना ‘तुलनात्मक’ हा शब्द फारच प्रिय असेल, तर त्यांना तोही दे. १९५६ पर्यंत आपण आधी मध्य प्रांताचा आणि मग जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होतो. शिवनी, छिंदवाडा, बालाघाट आणि नागपूर, भंडारा एकाच महसुली पद्धतीत, एकाच नागपूर हायकोर्टाखाली होते. नंतर रेघ पडली. पलीकडच्या दप्तरांत ‘छोटे झाड का जंगल’, ‘बडे झाड का जंगल’ अशा नोंदी आहेत. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांची गोष्ट. एक महाराष्ट्रात आला, एक मध्य प्रदेशात राहिला. तोच शब्द दोन राज्यांच्या हाती पडल्यावर दोन्हीकडे त्याचं काय काय झालं? तुलनेसाठी अमेरिकेला जायची गरजच काय, देवलापारच्या पुढे सीमा ओलांडली की झालं. इंग्लंड हवंच असेल तर ब्रिटिशांचे जुने बंदोबस्त अहवाल आहेतच, तेवढं इंग्लंड पुरे.

मी हे इतक्या हिरिरीनं का सांगते, त्याला एक जुनी जखम आहे. वकिलीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे उमरेड भागातल्या एका गावचा गुरचराईचा दावा होता. पक्षकार गोवारी समाजातले एक म्हातारे बाबाजी. त्यांच्याकडे निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या चराई-सरपणाच्या नोंदीची, जुनी नक्कल. चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलेली, आणि नेमक्या घडीवरच कागद झिजलेला. जो शब्द आम्हाला हवा होता त्याची पहिली दोन अक्षरं उरली होती. न्यायाधीशांनी विचारलं, ‘निस्तार म्हणजे नेमकं काय, वकीलबाई? काही ऑथॉरिटी आणा.’ प्रश्न रास्त होता. साहेब पश्चिम महाराष्ट्रातले, तिकडे हा शब्दच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) हे दोन्ही आहेत, पण विदर्भाच्या खास तरतुदी म्हणून. मी डायजेस्ट चाळले, दोन दिवस लायब्ररीत बसले. जे हवं होतं ते कुणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं. निस्तार हा हक्क की सवलत, तो मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, गेल्यावर कुणाकडे गेला, चराई त्यात कशी मोजायची, यावर एक धड लेख नाही. आम्ही हरलो. बाबाजींनी कागद पुन्हा त्याच घड्यांवर मिटला आणि ‘येतो माय’ म्हणून गेले.

शिकवायला लागल्यावर मी त्याच विषयावर एक लेख लिहिला. कॉलेजच्या वार्षिकात छापला. वाचक आठ-दहा असतील, त्यातले चार माझ्या घरचे. महिन्याभराने भंडाऱ्याहून एका निवृत्त नायब तहसीलदारांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं. मजकूर असा, की मॅडम, वाजिब-उल-अर्जातला जो शेरा तुम्ही गावठाणाचा समजलात तो चराईचा आहे, रकाना सरकला आहे, मूळ पान बघा. मी मूळ पान पाहिलं. ते बरोबर होते. माझा अर्धा निष्कर्ष त्या पोस्टकार्डाने पाडला. आयुष्यात माझ्या लिखाणाचं इतकं चोख परीक्षण कुणी केलं नाही, आणि ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. तो लेख लिहून कुणाचा दावा जिंकला गेला नाही. पण रकाना सरकला आहे हे आता निदान कुठे तरी छापलेलं आहे. पुढच्या अंकात मी दुरुस्ती दिली.

आता तुला काही इशारे, कारण तुझ्यातल्या वकिलाची मला थोडी भीती वाटते.

तुझी वकिली सवय तुला आड येईल. वकिलाला निष्कर्ष पहिल्या दिवशी पक्षकार आणून देतो, मग आपण त्याला टेकू शोधतो. प्रबंधात तसं केलंस तर तो युक्तिवाद होईल, अभ्यास होणार नाही. विरोधी निकाल वकील ‘डिस्टिंग्विश’ करून, म्हणजे आपलं प्रकरण वेगळं असं दाखवून, बाजूला सारतो. तुला मात्र तो पहिल्या पानावर घेऊन त्याच्याशी झुंजावं लागेल. तुमचं ऑफिस या प्रकरणांत सरकारच्या बाजूचं आहे की जमीनधारकांच्या, हेही प्रस्तावनेत स्पष्ट लिही. आणि पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं किंवा दाखवलेलं काहीही वापरायचं नाही. त्या बाबतीत सीनियरांची परवानगीसुद्धा पुरेशी नाही, तो विश्वास पक्षकाराचा असतो. न्यायालयात दाखल झालेली कागदपत्रं, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून रीतसर काढलेल्या नकला, माहिती अधिकारातली उत्तरं, एवढ्यावर काम कर. पुरतं.

आवाक्याचं म्हणशील तर पां. वा. काणे यांची आठवण ठेव. मुंबई हायकोर्टात वकिली करणारा हा माणूस ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती काढत होता. त्याला प्रस्तावनेपुरता धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा म्हणून बसले. ती प्रस्तावना १९३० ते १९६२ अशी पाच खंडांत छापून झाली, साडेसहा हजारांवर पानं, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. तू काणे नाहीस, मीही नाही, आणि विद्यापीठाची मुदत तर बत्तीस वर्षांची मुळीच नाही. तेव्हा सहा जिल्हे घेऊ नकोस. एक तालुका इकडचा, एक तिकडचा. दहा-पंधरा गावं. त्या गावांच्या नोंदी पहिल्या बंदोबस्तापासून आजच्या सातबाऱ्यापर्यंत. तेवढ्यातच तुझे केस पांढरे व्हायला लागतील.

वकिली सोडू का, याचं उत्तर : आत्ता नको. ज्या लोकांनी कायद्यावर टिकाऊ लिहिलं त्यांत काळे कोटवाले पुष्कळ होते. खासगीपणाच्या हक्कावरचा १८९० चा तो प्रसिद्ध अमेरिकन लेख वॉरन आणि ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांनी लिहिला, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात, २०१७ मध्ये, त्याची चर्चा केली. शिकवायची हौस असेल तर केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनुसार वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत अर्धवेळ शिकवता येतं. पूर्णवेळ पगारी अध्यापक झालीस की मात्र सनद स्थगित ठेवावी लागते. तो निर्णय प्रबंध झाल्यावर घे, आत्ता कशाला?

पैसे भरून छापायच्या भानगडीत पडू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीपासून प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे अशी सक्ती वरून राहिलेली नाही. तुझ्या विद्यापीठाचा अध्यादेश तेवढा तपासून घे. ज्या केअर यादीत, म्हणजे आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत, नाव असावं म्हणून मंडळी पैसे मोजत होती, ती यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. पहिला लेख मराठीत लिही, हे माझं आगाऊ मत. गाईड नाक मुरडतील. पण तुझी चूक काढू शकणारे लोक तहसील कचेऱ्यांत आणि गावांत आहेत, ते इंग्रजी जर्नल चाळत बसत नाहीत.

गाईडशी भांडू नकोस. शीर्षकात ‘तुलनात्मक’ ठेव, ‘वन’ ठेव, ‘अनुच्छेद ४८-अ’ ठेव, समितीला जे ऐकायला बरं वाटतं ते सगळं ठेव. आत काय करायचं ते तू ठरव. सीनियरांना काही समजावायला जाऊ नकोस. त्यांच्याकडून फक्त एक मागून घे, की उन्हाळी सुटीत ऑफिसच्या जुन्या झुडपी फाइलींची यादी करू द्या. यादीत गाव, तालुका, सर्व्हे नंबर, नोंद कधीची आणि मूळ शब्द काय, एवढे पाच रकाने कर. शब्द जसाच्या तसा उतरव, शुद्धलेखन सुधारू नकोस.

रेकॉर्ड रूमला सकाळी अकराच्या आत पोच. दुपारी तिथे कूलर असतो, पण माणूस नसतो. मूळ पानाचा फोटो काढू देत नसतील तर हातानं उतरवून घे आणि रकाना कुठून कुठे जातो ती रेघ पट्टीने आख. पहिल्या वीस नोंदी झाल्या की त्या कागदांसकट माझ्याकडे ये. पोस्टकार्ड दाखवते.